फक्कीवाले तात्या

येरमाळ्यात घर बांधायला काढलं की वाळू, खडी, सिमेंट सगळं मागून येतं. आधी तात्या येतात. त्यांना बोलवावं लागत नाही. जुनं माळवद उतरवून कुणी दगड रस्त्याच्या कडेला रचले, की दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या मोकळ्या जागेत मधोमध उभे. कमरेवर हात, डोळे किलकिले. मग ते अजून नसलेल्या घरातून चालू लागतात. नसलेल्या चौकटीखाली वाकतात, नसलेल्या भिंतीला वळसा घालतात आणि नसलेल्या स्वयंपाकघरातून ओरडतात, "मालक, हितं जरा अंधार पडतोय बगा!"

तात्या इंजिनियर नाहीत आणि गवंडीही नाहीत. गवंडी त्यांना घाबरून असतो आणि इंजिनियर त्यांच्याशी वाद घालत नाही. असा एखादा तात्या बार्शी-कळंब रस्त्यावरच्या कुठल्याही गावात सापडतो. कुठं त्याला आण्णा म्हणतात, कुठं काका. सामान ठरलेलं: खिशात टेप, सुतळीचा गुंडा आणि पिशवीत किलोभर फक्की. कागदावरच्या नकाशावर त्यांचा भरवसा नाही. मालकानं तालुक्याहून पैसे मोजून आणलेला प्लॅन तात्या एकदा उभा धरतात, एकदा आडवा धरतात आणि घडी घालून मालकाच्याच खिशात ठेवतात. "कागदावर पाय ठेवून बगता येतंय का? न्हाई ना? मग!" आणि मुठीतून फक्कीची धार सोडत ते भिंती आखायला लागतात.

तात्यांचं शास्त्र एका वाक्याचं आहे. आधी हॉल. हॉल झाला की घर झालं. "आपल्या माणसाचं काय, कुठंबी भागतंय. पावणा आला तर बसवायचा कुठं?"

येरमाळ्यात या प्रश्नाला भलतंच वजन आहे. येडेश्वरीची चैत्री पौर्णिमेची यात्रा भरते तेव्हा चुनखडी वेचायला लाखोंनी माणूस लोटतं, देवीची पालखी आमराईत येते आणि गावातल्या प्रत्येक उंबऱ्यावर नातेवाइकांच्या पिशव्या पडतात. लेकी येतात, जावई येतात, जावयांचे मित्र येतात, आणि कोण कुणाचं हे यात्रा उलगेपर्यंत नीट कळत नाही असेही काही येतात. तात्या घराची आखणी करतात ती या चार-पाच दिवसांसाठी. वर्षातले उरलेले तीनशे साठ दिवस घरच्यांनी उरलेल्या जागेत काढायचे.

तात्यांच्या बापाच्या काळात हा घोळ नव्हता. तेव्हा घर खणांत मोजायचे. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि ते अंतर लाकूड ठरवायचं. तुळई जेवढी लांब, तेवढी खोली रुंद. कुणाचं मत विचारायची सोयच नव्हती. दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर कड्या, त्यावर लाकडाची दाटण आणि दाटणीवर मातीचा थर. मृगाच्या आधी त्यावर पांढरी माती टाकली की पावसाळ्याची निश्चिंती. बाहेर ऊन रणरणत असलं तरी माळवदाखाली दुपारची झोप लागायची, आणि रात्री घरादारानं अंथरुणं घेऊन माळवदावर जायचं.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट झाली. किल्लारी-सास्तूर भागात भूकंपात हेच दगड आणि हीच माती झोपलेल्या माणसांवर आली. पुढं पुनर्वसनाची घरं आली ती चौरस फुटांत: जमिनीच्या धारणेप्रमाणं कुणाला २५०, कुणाला ४५०, कुणाला ७५०. खण गेले, फूट आले. माळवदाची सगळ्या जिल्ह्यानं धास्ती घेतली. ऐन तरुणपणी तात्या तिकडं एका मुकादमाच्या हाताखाली कामाला होते. कॉलम कसा उभा करतात, बीम कुठं बसतो, चौकोनाचा काटकोन सुतळीनं तीन-चार-पाच करून कसा तपासायचा, हे सगळं त्यांनी तिथं पाहिलं. काटकोन त्यांचा आजही चुकत नाही. खरं बोलायचं तर त्यांचं चुकतं ते काटकोन जुळल्यानंतर.

आता एक जागा घेऊ. वीस बाय तीस, गावठाणातली, तिन्ही बाजूंना शेजारी. मालक खुशीत असतो, सहाशे फूट आहे म्हणून. तात्या त्याला पहिल्यांदा जमिनीवर आणतात. "सहाशे कुठलं? बाहेरची भिंत नऊ इंची. दोन्हीकडून नऊ-नऊ गेले. आत ऱ्हायलं साडेअठरा बाय साडेअठ्ठावीस. त्र्याहत्तर फूट भिंतीनंच खाल्लं." हिशेब बिनचूक असतो आणि मालक गार पडतो. या गारठ्याचा फायदा घेऊन तात्या हॉलची फक्की मारून मोकळे होतात: पूर्ण रुंदी घेऊन साडेअठरा बाय चौदा. निम्मं घर संपलं. मागच्या निम्म्यात दहा बाय दहाची बेडरूम, शेजारी आठ फुटांचं स्वयंपाकघर आणि त्यांच्या पाठीमागं पावणेचार फुटांची पट्टी. तीत न्हाणी आणि संडास. त्या न्हाणीत अंगावर पाणी घ्यायचं तर कोपरं अंगाशी ठेवून घ्यावं लागतं.

इतका वेळ मालकीणबाई पदर खोचून उभ्या असतात. आखणी बघायला त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. त्या चहा घेऊन आलेल्या असतात आणि कपबशा गोळा करायच्या निमित्तानं थांबलेल्या असतात. फक्कीच्या स्वयंपाकघरात त्या जाऊन बसतात. खरोखर मांडी घालून बसतात, काटवटीपुढं बसावं तसं.

"तात्या, भाकरी थापताना पाठ भिंतीला लागतीय."

"वैनी, आता वट्टा असतोय. उभ्यानं थापायची."

"बरं, उभ्यानं. फ्रिज कुठं?"

"बेडरूममध्ये."

"जवारीची कोठी?"

"कॉटखाली."

"आन् कॉट?"

तात्या मालकाकडं बघतात. मालक आभाळाकडं बघतो.

"हॉलमधला दोन फूट आत घ्या की," वैनी म्हणतात. इथं तात्यांचा आवाज उतरतो आणि दुखावलेला होतो. "वैनी, दोन फूट दिलं तर पंगतीच्या दोन वळी बसत न्हाईत. वाढणाऱ्यानं जायचं कुठून? यात्रेत माणसं पंगतीला थांबवून ठेवायची का?" यात्रेचं नाव निघालं की वैनींना बोलता येत नाही. त्या कपबशा उचलतात. फक्कीच्या भिंतीवरूनच पलीकडं जातात, दारातून नाही, एवढाच काय तो निषेध.

वास्तुशास्त्रात तात्या लवचीक आहेत. आग्नेयेला चूल, ईशान्येला देव, हे त्यांना पाठ आहे. दिशा तेवढ्या सोयीच्या असाव्या लागतात. अलीकडं त्यांच्या मोबाइलमध्ये होकायंत्र आलं आहे. ते गजाच्या ढिगाजवळ धरलं की काटा लोखंडाकडं ओढला जातो. त्यामुळं जिथं ढीग जास्त तिथं ईशान्य थोडी सरकते आणि देवघर बरोब्बर तात्यांना हव्या त्या कोपऱ्यात येतं.

त्यांची खरी कसोटी लागते घरकुलात. सरकारी घरकुलाची किमान मोजणी पंचवीस चौरस मीटर, म्हणजे आपले २६९ फूट. अनुदान बेताचं, तेही कामाच्या टप्प्याप्रमाणं हप्त्यानं. एवढ्यात दुसरा कुणी दोन खोल्या काढून गप्प बसेल. तात्या हॉल काढतात. मग उरलेल्या जागेकडं बघून म्हणतात, "वर गज सोडा." म्हणजे स्लॅब टाकल्यावर कॉलमचे गज वर दोन-तीन फूट उघडे राखायचे, उद्या पोरगं कमावतं झालं की वरचा मजला. गावात गच्च्यांवर असे गज कित्येक वर्षं उभे आहेत. त्यांना दोऱ्या बांधून धुणं वाळत घालतात. पोरं कमावती झाली आणि पुण्याला राहिली.

हॉलचं पुढं काय होतं? दिवाळीच्या आगंमागं त्यात सोयाबीनची पोती येतात, भाव वाढेपर्यंत. भाव वाढत नाही म्हणून ती संक्रांतीपर्यंत राहतात. पोत्यांच्या आडोशाला पोरं अभ्यासाच्या नावानं झोपतात. घरातली माणसं बसतात आठ फुटांच्या स्वयंपाकघरात, कारण बोलायला, भांडायला आणि गरम भाकरी खायला तीच जागा. चैत्र जवळ आला की सोयाबीन मिळेल त्या भावात जातं, हॉल धुऊन निघतो, सतरंज्या पडतात. तात्यांच्या शास्त्राचा निकाल लागायची घटका येते.

येरमाळ्याचा चैत्र म्हणजे ऐन उन्हाळा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री हॉलमध्ये आग ओततो. जुन्या माळवदानं असा दगा कधी दिला नव्हता. पहिल्या पंगतीतच पाहुण्यांचे सदरे अंगाला चिकटतात. दुसरी पंगत कुणीतरी ताटं उचलून गच्चीवर नेतं. तिसरी तर वरच बसते. रात्री लेकी, जावई, जावयांचे मित्र, सगळे अंथरुणं काखोटीला मारून गच्चीवर. साडेअठरा बाय चौदाच्या हॉलमध्ये उरतात चपला, पिशव्या आणि फिरणारा एक पंखा.

अडचण एकच, वर जायची. हॉल अडू नये म्हणून तात्यांनी जिना कोपऱ्यात दाबलेला असतो, अडीच फूट रुंद. दहा फुटांच्या उंचीला सात इंची सतरा पायऱ्या लागतात. तात्यांनी तेरांत भागवलेलं. सव्वानऊ इंचाची एक पायरी. मालकाची आत्या दोन्ही हात टेकत वर चढते, दर पायरीला आई येडेश्वरीचं नाव घेत, आणि वर जाऊन सांगते की डोंगरावरच्या देवीच्या पायऱ्या याहून सोप्या आहेत.

तात्या जेवायला आलेले असतातच. खाली रिकाम्या हॉलमध्ये मालक त्यांना गाठतो. "तात्या, बघा. एवढा हॉल काढला आन् त्यात माणूस न्हाई."

तात्या हॉल बघतात, जिना बघतात. टेप काढतात, एक पायरी मोजतात आणि मान हलवतात. "हॉल बरोबर हाय. जिना बारीक झाला. मालक, पुढच्या बारीला आधी जिना."

"पुढची बारी कुठली आता?"

"आसं कसं? वर गज सोडल्यात न्हवं!"