आधी टेबल, मग जॉब

भाऊकाकांचं लग्न ठरतानाची गोष्ट आमच्या आळीत अजून सांगतात. मुलीकडच्यांनी विचारलं, "मुलगा काय करतो?" भाऊकाकांची मावशी ठसक्यात म्हणाली, "रोटरीवर असतो." मुलीचे वडील खूश. रत्नागिरीत रोटरीवर म्हणजे डॉक्टर, वकील, निदान सराफ तरी. साखरपुड्याला नखांतलं काळं ग्रीस दिसलं तेव्हा उलगडा झाला की ही रोटरी म्हणजे मिरजोळे एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये, मिलिंग मशीनवर बसवलेलं फिरतं टेबल. लग्न मोडलं नाही. काकू म्हणतात, "मोडलं असतं तर बरं झालं असतं. निदान पोळपाट ओट्याच्या मधोमध आहे की नाही हे तरी कोणी बघितलं नसतं."

हा माणूस तुमच्याही घरात असणार. दुसऱ्याकडे चहाला गेला की आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतो, मग बसतो. कॅरमच्या सोंगट्या मांडायला पाऊण तास लावतो आणि राणी हलली म्हणून पुन्हा मांडतो. गणपतीत मखराच्या झुंबराला दोरा बांधून ओळंबा सोडतो, तो मूर्तीच्या मुकुटावर नेमका येईपर्यंत पाट सरकवत राहतो आणि भटजी घड्याळाकडे बघत उपरणं सावरत बसतात. आमचे भाऊकाका या जातीतले, फक्त त्यांना या खोडीचा पगार मिळायचा.

बारावीनंतरच्या सुट्टीत वडिलांनी मला दोन महिने त्यांच्या हाताखाली घातलं. 'हाताखाली' हे शब्दशः. पहिल्या दिवशी त्यांनी माझा तळहात धरून त्या टेबलावरून फिरवला. "काय लागतं?" मी म्हटलं, काही नाही. त्यांनी स्वतःचा हात फिरवला, एका जागी थांबले, नखानं पोलादाचा एक बारीकसा कीस उचलला आणि माझ्या डोळ्यांसमोर धरला. "हा काही नाही काय रे? ह्याच्यावर जॉब बसला की संपलं. डोळ्याला दिसत नाही ते हाताला कळतं. आधी हात, मग डायल."

त्यांची सगळी वाक्यं अशीच, आधी हे, मग ते. सर्वांत लाडकं, "आधी टेबल, मग जॉब." जॉब म्हणजे मशीनवर चढवून घडवायचा तुकडा; पण वाक्य कळायला मला आठवडा गेला. टेबलाच्या बाजूला एक हँडल असतं. हँडलच्या ९० फेऱ्या झाल्या की टेबलाची एक फेरी. म्हणजे हँडलची एक फेरी ४ अंशांची. गोल फ्लँजला सारख्या अंतरावर सहा भोकं पाडायची, तर एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत १५ फेऱ्या. हे कुणालाही जमेल. मेख पुढेच आहे. वर फिरणाऱ्या स्पिंडलचं केंद्र आणि खालच्या टेबलाचं केंद्र आधी एकावर एक यायला हवं. त्यासाठी स्पिंडलला डायल, म्हणजे बारीकसा फरकही काट्यानं दाखवणारं मापक, बांधायची, तिचं टोक टेबलाच्या मधल्या भोकात आतून टेकवायचं आणि स्पिंडल हातानं हळूहळू फिरवायचा. काटा हलायचा थांबला की मशीनच्या दोन्ही स्लाइड झिरो करून आवळून टाकायच्या. मग कुठे जॉब चढवायचा. आता डायल जागेवर, फिरायचं ते टेबलानं, आणि काटा जिकडे पळेल तिकडून जॉबला तांब्याच्या हातोडीनं टक्. पुन्हा फिरव, पुन्हा टक्.

घाईतली पोरं उलटं करतात. जॉब ठेवला, स्लाइड हलवून तो स्पिंडलखाली आणला, काटा गप्प, पोरगं खूश. टेबल फिरवलं की जॉब वाकड्या वाटेनं निघतो आणि भोकं एका बाजूला जाऊन बसतात. मीही ते केलं. भाऊकाका रागावले नाहीत. तो फ्लँज त्यांनी शेडच्या दाराला पाऊस-वाऱ्यात टेकू म्हणून लावला. मी उरलेले दिवस रोज त्याला ओलांडून आत जात होतो.

डायलची आणखी एक गंमत आहे, आणि माझ्या मते भाऊकाकांचा सगळा स्वभाव त्या गमतीतून आला. टेबलाच्या एका फेरीत काटा ० पासून ८ पर्यंत गेला, तर जॉब ८ नं चुकलेला नसतो, ४ नंच चुकलेला असतो. तो एकीकडे ४ बाहेर म्हणून समोर ४ आत. काटा दोन्ही मिळून दाखवतो. नवखा माणूस ८ सरकवतो आणि जॉब पलीकडे तेवढाच चुकवून ठेवतो. भाऊकाका हा हिशोब घरी घेऊन आले. काकू तावातावानं बोलायला लागल्या की ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "दाखवतेस त्याच्या निम्मं माझं चुकलं."

"आणि उरलेलं निम्मं?"

"ते गो, काटा दोन्हीकडचं दाखवतो."

यावर काकू काय म्हणत ते मी लिहीत नाही. पण आळीतल्या भांडणांत भाऊकाकांना पंच म्हणून बोलवत, आणि दोन्ही पक्षांचं गाऱ्हाणं निम्मं करून घेतल्यावर बऱ्याचदा खरंच काही उरायचं नाही.

त्यांचा हंगाम पावसाळ्यातला. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, मिरकरवाड्याच्या बोटी किनाऱ्याला, आणि ज्याची त्याची दुरुस्ती निघालेली. गिअरबॉक्स आणि पंख्याचा शाफ्ट यांना जोडणारे कपलिंगचे फ्लँज शेडमध्ये यायचे. जून महिनाभर कोणी फिरकत नाही. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम. ३० तारखेला एक बोटवाले स्टुलावर येऊन बसले. "भाऊ, एक तारखेला बोट सोडायचीय हो."

भाऊकाका हँडल फिरवत होते. "अकरा... बारा... तेरा..."

"झालं का?"

भाऊकाका थांबले. हँडल उलटं फिरवत पार मागे नेलं आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. दुसऱ्या वेळी बोटवाल्यांचा फोन वाजला. पुन्हा एकपासून. तिसऱ्या वेळी त्या धिप्पाड माणसानं फोन बंद करून खिशात घातला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि देवळात बसावं तसा बसला. मी नंतर विचारलं, दोन भोकं जराशी इकडेतिकडे झाली तर काय होतं? "शाफ्ट थरथरतो. बेअरिंग खातो. ग्लँडमधून पाणी झिरपायला लागतं. आणि हे इथे कळत नाही रे. जयगडच्या बाहेर कळतं, रात्री दोन वाजता."

हँडल उलटं पार मागे का न्यायचं, हेही सांगायला हवं. आतल्या आट्यांना थोडी ढील असते, म्हणून पुढे गेलेलं हँडल तेवढंच मागे घेऊन भागत नाही. बरंच मागे जाऊन पुन्हा त्याच बाजूनं यावं लागतं. भाऊकाकांची स्कूटर फाटकाच्या दोन हात पुढे गेली तर ते ती मागे ढकलत नसत. सरळ मारुती मंदिर सर्कलला जाऊन, वळसा घालून, पुन्हा त्याच बाजूनं यायचे. पेट्रोलचं कोणी बोललं तर म्हणायचे, "ढील निघाली."

पुढे शेडमध्ये कॉम्प्युटरचं मशीन आलं. त्याचा प्रोब जॉबला चार ठिकाणी टेकतो आणि केंद्र स्वतःच काढतो. सगळ्यांना वाटलं, भाऊकाका नाक मुरडणार. ते हात मागे बांधून लहान मुलासारखे बघत राहिले. "पोरगा हुशार आहे," म्हणाले. पोरगा म्हणजे मशीन. दर वेळी चढवण्याआधी जॉबखाली तळहात मात्र स्वतःचाच फिरवायचे. एकदा तिथे कीस सापडला तेव्हा आठवडाभर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मुलाला नोकरी लागली तेव्हासुद्धा मी पाहिलं नव्हतं.

आता ते निवृत्त आहेत. सून घरी केक करून विकते. तिनं क्रीम लावायला एक फिरतं टेबल आणलं, आणि भाऊकाकांना तब्बल सात वर्षांनी दुपारची झोप लागेना. तिनं केक ठेवला, फिरवला, सुरी टेकवली. ते पेपर खाली ठेवून उठले. "थांब गो. पळतोय बाहेर." मग एक चमचा डब्याला टेकवून केकच्या कडेशी उभा केला, टेबल हळूच फिरवलं, फट कुठे वाढते ते बघितलं आणि खालच्या पुठ्ठ्याला बोटानं टक्. पुन्हा फिरवलं. पुन्हा टक्. सूनबाईंनी आधी सासूकडे बघितलं. काकूंनी आभाळाकडे.

हल्ली तीच हाक मारते, "बाबा, झिरो करायला या." क्रीम एका जाडीचं लागतं म्हणून गिऱ्हाइकं वाढली आहेत. कापायचं काम मात्र तिनं त्यांच्याकडे देऊ नये असं सगळ्यांचं मत होतं. नातवाच्या वाढदिवसाला ते सुरी हातात घेऊन उभे राहिले आणि माणसं मोजली. अकरा. पुन्हा मोजली. पुटपुटत हिशोब केला, आठ फेऱ्या आणि वर दोन अकरांश. मेणबत्त्या वितळत होत्या, नातू रडकुंडीला आलेला.

"अकरा बसत नाहीत," ते शेवटी म्हणाले. "कोणीतरी जा रे, एकाला बोलावून आणा."

मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. बारावा तुकडा माझा.