अपेक्षा बाळगणाऱ्या खेळाडूवर्गास अनावृत पत्र

प्रति,
समस्त ऑनलाइन खेळाडूवर्ग

विषय : ‘कॉन्कॉर्ड’ या खेळाच्या संदर्भात खेळाडूवर्गाने दाखवलेल्या बेपर्वाईबाबत

सोनी कंपनीच्या मालकीच्या फायरवॉक स्टुडिओने घडवलेला ‘कॉन्कॉर्ड’ हा खेळ 23 ऑगस्ट 2024 रोजी प्लेस्टेशन 5 आणि संगणकासाठी विक्रीस आला, 3 सप्टेंबरला तो मागे घेण्याची घोषणा झाली आणि 6 सप्टेंबरला त्याचे सर्व्हर, म्हणजे दूरदूरच्या खेळाडूंची ज्यांच्यामार्फत गाठ पडते ते मध्यवर्ती संगणक, थंड करण्यात आले. या पंधरवड्यात खेळाडूवर्गाकडून ज्या किमान सहकार्याची अपेक्षा होती ते मिळाले नाही, याची नोंद अत्यंत खेदपूर्वक घ्यावी लागत आहे.

‘कॉन्कॉर्ड’ ज्यात मोडतो त्या ‘हिरो शूटर’ या प्रकारात दोन संघ समोरासमोर येतात आणि प्रत्येक खेळाडू ठरावीक पात्रांतून आपले पात्र निवडतो, ज्याची शस्त्रे व कौशल्ये इतरांहून वेगळी असतात. ‘कॉन्कॉर्ड’ने अशी 16 पात्रे दिली, त्यांच्या विश्वाचा तपशीलवार नकाशा दिला आणि आठवड्याला एक कथाचित्रफीत देण्याचे ठरवले; आठवडेच पुरले नाहीत, हा दोष कथाकारांचा म्हणता येणार नाही. नेमबाजीची बैठक चोख असल्याचे अनेक टीकाकारांनीही मान्य केले होते. पात्रांकडे पाहून कोणालाही त्यांच्यापैकी एखादे व्हावेसे वाटले नाही, ही तक्रार तेवढी उरते, आणि ज्या प्रकारात पात्र हाच माल असतो तेथे ती किरकोळ समजण्याचे औदार्य कंपनीने दाखवले असावे.

खरा वाद किमतीचा आहे. मोफत खेळांमधील ‘बॅटल पास’, म्हणजे ठरावीक मुदतीत खेळत राहिल्यास टप्प्याटप्प्याने बक्षिसे खुली करणारी सशुल्क वर्गणी, खेळाडूला कामगारासारखे राबवते, असा आक्रोश हाच वर्ग वर्षानुवर्षे करत आला आहे. त्यावर या खेळाने सरळ उत्तर दिले : एकदाच 40 डॉलर भरावेत, बॅटल पास नाही, पुढे येणारी पात्रे व रणांगणे विनाशुल्क. एवढी साधी सचोटी समोर येताच तक्रारदार मंडळी निमूटपणे 2020 पासून मोफत असलेल्या ‘व्हॅलोरंट’कडे आणि ऑक्टोबर 2022 पासून मोफत झालेल्या ‘ओव्हरवॉच 2’कडे परतली. फायरवॉक 2018 मध्ये स्थापन झाला तेव्हा मूळ ‘ओव्हरवॉच’ पैसे घेऊनच विकला जात होता, हे लक्षात घेतले तर किमतीचे गणित कोणत्या काळात मांडले गेले असावे याचा अंदाज येतो. मांडव उतरल्यावर पोचलेल्या वाजंत्र्यांनी बिदागी मागावी, त्यातला हा प्रकार असल्याचे म्हटले जाते. वाजंत्री सुरात होते, हे मात्र कोणी सांगत नाही.

जुलैमधील खुल्या बीटाने, म्हणजे विक्रीपूर्वी कोणालाही विनामूल्य देण्यात आलेल्या चाचणी आवृत्तीने, ओहोटीची पुरेशी सूचना दिली होती. विक्री सुरू झाल्यावर स्टीम या संगणकीय विक्रीमंचावर एका वेळी खेळणाऱ्यांचा उच्चांक 697 वरच अडकला. प्लेस्टेशनवरील खेळाडू या आकड्यात मोजले जात नाहीत, हे कंपनीच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. परंतु बहुखेळाडू खेळात प्रतिस्पर्धी हाच सामग्रीचा मुख्य भाग असतो आणि तो कोणताही स्टुडिओ कारखान्यात तयार करू शकत नाही. खेळाडू घटले की सामना जुळायला वेळ लागतो, वाट पाहून आणखी काही जण निघून जातात आणि उरलेल्यांची प्रतीक्षा अधिकच लांबते. अशा वेळी उत्तम नेमबाजीला नेम धरण्यासाठी माणूसच मिळत नाही.

अखेरच्या दिवसांत काही निष्ठावंतांनी सर्व पराक्रम पूर्ण केल्याबद्दल मिळणारा ‘प्लॅटिनम’ चषक सर्व्हर बंद होण्याआधी पदरात पडावा म्हणून शत्रूशी लढण्याऐवजी कड्यावरून वारंवार उड्या मारून अनुभवगुण गोळा केल्याचेही निदर्शनास आले आहे. खेळाच्या इतिहासात संघभावनेचे एवढे एकमत क्वचितच दिसले असेल.

सर्व ग्राहकांना पैसे परत करण्याचे कंपनीने जाहीर केले, ही बाब तिच्या श्रेयात धरावी लागेल. ऑक्टोबरअखेरीस स्टुडिओही बंद झाला. डिसेंबरमध्ये ‘सीक्रेट लेव्हल’ या मालिकेत ‘कॉन्कॉर्ड’च्या विश्वावरील भाग ठरल्याप्रमाणे प्रसारित झाला, तो पाहून ज्यांना खेळ विकत घ्यावासा वाटेल, त्यांनी अर्ज करण्याचे कष्ट घेऊ नयेत.

कळावे,
अपेक्षाभंग निवारण विभाग (प्रस्तावित)