क्रियापद कधी येणार, सेक्रेटरीसाहेब?

मा. सेक्रेटरीसाहेब,
सा. न. वि. वि.

हे सगळं मी तोंडी सांगितलं असतं. पण त्यासाठी आधी तुमचं बोलणं संपावं लागतं, आणि आपल्या सोसायटीच्या परवाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर ती आशा मी सोडली आहे. म्हणून लेखी.

३० सप्टेंबरच्या आत सभा उरकायची म्हणून तुम्ही ती महिन्याच्या शेवटच्या रविवारी ठेवलीत. वेळ दहाची. गणपूर्ती झाली नाही म्हणून अर्धा तास तहकूब, तो दोष आमचा. साडेदहाला तुम्ही उभे राहिलात. चष्मा काढलात, रुमालाच्या कोपऱ्याने पुसलात, रुमालाची घडी घालून ती खिशात ठेवलीत आणि खिसा वरून थोपटलात. मग म्हणालात, ‘मागील सभेचे...’ बोटाला थुंकी लावून पान उलटलंत. ‘इतिवृत्त...’ पंख्याकडे पाहिलंत. ‘आपण... आता...’ पहिल्या रांगेतल्या पोराने वेफर्सचं पाकीट फोडलं, संपवलं आणि रिकामं पाकीट बापाच्या खिशात कोंबलं, तेव्हा कुठे ‘वाचूया’ आलं.

मला मराठी भाषेचाच राग आला तो तिथे. पटापट बोलणाऱ्याची या भाषेने पार रेवडी उडवली आहे. त्याच्या तोंडाचा पट्टा चालतो, त्याची टकळी सुरू असते, तो बोलघेवडा, तो बडबड्या. लांबण लावणाऱ्यासाठी पाल्हाळ, चऱ्हाट आणि गुऱ्हाळ. आणि सावकाश बोलणाऱ्याला? तो ‘धीरगंभीर’, तो ‘तोलूनमापून बोलणारा’! चेंगट हा शब्द आहे, पण तो बिचारा कामाच्या चेंगटपणात अडकलेला. ए विंगमधले काही लोक तर तुम्हाला मितभाषी म्हणतात. अहो, मितभाषी माणूस शब्द वाचवतो. तुम्ही त्यातला एकही वाचवत नाही, फक्त दोन शब्दांमध्ये आम्हाला बसवून ठेवता.

शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, सावरकरांनी महापौर आणि दिग्दर्शक हे शब्द दिले. सावकाश बोलणाऱ्यांची उणीव भरायला मी सभेच्या अजेंड्याच्या पाठकोऱ्या बाजूवर माझी भर घातली. वेळ भरपूर होता. तुमच्यासाठी पहिला शब्द सुचला विलंबोष्ठ. लंबोदराच्या चालीवरचा आहे, त्यामुळे सत्कारपत्रातही शोभेल. मग ठिबकवक्ता, ज्याच्या एकेका थेंबाची वाट बघत श्रोत्यांची मुळं सुकतात. वाक्याचं कर्ज एकरकमी न फेडणारा तो हप्तेबोल्या. आणि दर दोन शब्दांनी ‘आपलं ते... आपलं ते’ करणाऱ्यांना मी सरळ आडनावच देऊन टाकलं: आपलंतेकर. हे घराणं मोठं आहे, बँकेत, विवाह मंडळात, सत्कार समारंभाच्या आभारप्रदर्शनात, सगळीकडे त्यांची शाखा असते.

पण तुमची खरी पदवी वेगळी आहे. तुम्ही क्रियापदांचे साठेबाज आहात. मराठीत क्रियापद येतं शेवटी, म्हणजे होकार की नकार हे कळायला पूर्ण वाक्य ऐकण्यावाचून गत्यंतर नाही, आणि हे तुम्ही फार लवकर हेरलंत. ‘लिफ्टच्या कामासाठी... सिंकिंग फंडातून... रक्कम काढायला... समितीची... हरकत...’ एवढ्यावर तुम्ही पाण्याचा ग्लास उचललात. आख्खा हॉल पुढे झुकला. मागे दोघांनी टाळ्यांसाठी हात वर केले. तुम्ही घोट घेतलात, ग्लासवर झाकण ठेवलंत आणि म्हणालात, ‘आहे.’

मधे बोलायचीही सोय नाही. २००९ मध्ये जगातल्या दहा भाषांमधल्या गप्पांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. एकाचा प्रश्न संपल्यापासून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा साधारण पाचवा भाग जातो, असं त्यात दिसलं. सगळीकडे माणसं अशीच बोलतात. तुमच्या एका अर्धविरामात अशी कैक संभाषणं सुरू होऊन संपतील. तुम्ही थांबता, आम्हाला वाटतं संपलं, कुणीतरी तोंड उघडतं, आणि तुम्ही हात वर करता: ‘माझं... पूर्ण... व्हायचंय.’ उद्धट ठरतो तो बोलणारा. पुढच्या इतिवृत्तात येतं, ‘काही सभासदांनी कामकाजात व्यत्यय आणला.’ तेही तुम्हीच वाचून दाखवणार!

कुणी म्हणेल, विलंबित लयीची मजा वेगळी असते. असते ना. उस्ताद अमीर खाँ झूमऱ्याच्या चौदा मात्रा अतिविलंबित लयीत घेऊन बसायचे आणि लोक श्वास रोखून ऐकायचे, कारण सम येणार याची खात्री होती. तुम्ही सम घरी ठेवून येता. व्हॉट्सॲपने २०२१ मध्ये आवाजी संदेश दुप्पट वेगाने ऐकायची सोय केली, तेव्हापासून फोनवर तुम्ही अगदी चारचौघांसारखे वाटता, हे कबूल करतो.

आता थट्टा पुरे. पाचव्या मजल्यावरच्या काकू त्या दिवशी काठी टेकत जिन्याने उतरल्या होत्या. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकते, म्हणून त्या एकट्या तिच्यात पाय ठेवत नाहीत. त्यांचा अर्ज तुम्ही ‘आयत्या वेळचे विषय’ यात ढकललात, म्हणजे सगळ्यात शेवटी. पावणेदोनला त्या उठल्या, औषधाची वेळ टळली होती. नंतर हॉलमध्ये उरलो आम्ही मूठभर, आणि तहकुबीनंतरच्या सभेला गणपूर्तीची अट नाही हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. जिभेची खरीच अडचण असलेल्या माणसासाठी मी तासभर थांबेन, तक्रार करणार नाही. पण देखभाल शुल्काची वाढ आली तेव्हा ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द तुमच्या तोंडून इतक्या सर्रकन निघाले की टाचणी पडायलाही जास्त वेळ लागला असता. म्हणजे जीभ चालते. कुठे चालवायची, एवढंच तुम्ही ठरवता. साहेब, याला संथपणा म्हणत नाहीत, याला सत्ता म्हणतात, आणि ती तुम्ही एका म्हातारीच्या गुडघ्यांवर वापरलीत.

एवढं लिहून पेन ठेवणार होतो. पण वहिनींनी मागे जिन्यात सांगितलेलं आठवलं, की ऑफिसात तुम्ही उभी हयात स्टेनोला डिक्टेशन दिलं. एक तुकडा बोलायचा, पेन्सिल टेकेपर्यंत थांबायचं, मग पुढचा. तुमचा प्रत्येक शब्द कुणीतरी उतरवून घ्यायचं, टाइप करून आणायचं, खाली सही मागायचं. आता समोर आम्ही असतो, मोबाइलमध्ये माना घालून. घरी नातू कानात बोंडं घालून बसतो. तुम्ही मधेच थांबून हॉलभर नजर फिरवता ना, तेव्हा कुणी लिहून घेतंय का हेच बघत असाल, असं आता वाटतं. आणि हेही खरं, की सेक्रेटरीपदासाठी अर्ज तुमच्या एकट्याचाच येतो. पंप जळाला त्या मध्यरात्री टॉर्च घेऊन खाली तुम्हीच उभे होतात. आम्ही खिडकीतून विचारत होतो, पाणी कधी येणार.

तेव्हा भांडण नको, एक मागणी आहे. काकूंच्या लिफ्टसाठी विशेष सभा बोलवा आणि तो विषय पहिला घ्या. तुम्ही वाट्टेल तेवढं सावकाश बोला, मी वही घेऊन समोर बसतो आणि शब्दन् शब्द उतरवून घेतो. मागचं इतिवृत्त मात्र शेवटी वाचा. आम्ही सगळे उठून गेलो तरी ते कायम होईलच.

आपला नम्र,
बी विंगमधला एक व्यत्यय