फोकसवाले साहेब, आपल्यामुळे मी शिवण शिकलो

श्री. रा. रा. फोकसवाले साहेब यांसी,
मुक्काम कर्जतच्या पुढे, टेकडीखालचा बंगला.

स. न. वि. वि.

आपली ओळख नाही, आपलं नावही ठाऊक नाही. पण आपल्या फाटकावरचा पांढराशुभ्र एलईडी फोकस दर अमावास्येला दोन शेतं आणि एक ओढा ओलांडून, टेकडीवर दुर्बीण लावून बसलेल्या आमच्या भेटीला येतो. आपण स्वतः त्या वेळी बहुधा मुंबईत झोपलेले असता. यजमान घरी नसतानाही पाहुण्यांची अशी सरबराई हल्ली कोण करतं? आभाराचं पत्र लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल माफी असावी.

आपलं पहिलं ऋण शिवणकामाचं. आयुष्यात शर्टाचं बटणसुद्धा न लावलेला मी आता पन्हा, नेफा, अस्तर हे शब्द पट्टीच्या शिंप्याच्या थाटात वापरतो. हे कसं घडलं, ते आपल्याला कळायलाच हवं.

आमची दुर्बीण दहा इंची आरशाची आहे. आरशाचं नाभीय अंतर १२७० मिलिमीटर, म्हणजे बंद नळी केली तर ती चार फुटांच्या पुढे जाते. अशी नळी आणि चार माणसं एका लहान गाडीत मावत नाहीत. म्हणून खाली आरशाची चौकोनी पेटी, वर दुसऱ्या छोट्या आरशाचा आणि नेत्रिकेचा गोल पिंजरा, आणि दोघांना जोडणाऱ्या ॲल्युमिनियमच्या आठ नळ्या. मधे नुसती हवा. अंधारात ती पुरते. आपल्या सान्निध्यात पुरत नाही. आपला प्रकाश नळ्यांच्या फटींतून आत येतो, पिंजऱ्याच्या आतल्या बाजूवर आपटतो आणि तिथून नेत्रिकेत उतरतो. मग काळ्या आभाळावर करडी दिसणारी दीर्घिका करड्या आभाळावर करडी होते. म्हणजे असते, पण दिसत नाही. अध्यात्मात याला मोठी किंमत आहे, असं ऐकून आहे.

असा उघडा सांगाडा करणारे आम्ही पहिले नव्हे. मार्क सेरुरिए या अभियंत्याने १९३५ साली पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीसाठी नळ्यांची अशीच रचना आखली. पण त्या दुर्बिणीभोवती घुमट आहे, आणि जवळच्या सॅन डिएगो शहराने तिची कदर करून रस्त्यांवर पिवळे सोडियमचे दिवे लावले होते. मागासलेली माणसं. आपल्यासारखा शेजार त्यांना लाभला नाही.

आमच्या जातीच्या दुर्बिणीला ज्यांचं नाव आहे ते जॉन डॉब्सन तर सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत सोसायटीच्या मठातले संन्यासी. मठात लपूनछपून आरसे घासायचे, जहाजाच्या खिडक्यांच्या जुन्या काचांचे. या नादापायी १९६७ साली त्यांना मठ सोडावा लागला. मग त्यांनी रस्त्याच्या कडेला दुर्बिणी मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र आणि शनी दाखवले. त्यांच्या नळ्या जाड पुठ्ठ्याच्या आणि बंद असत, कापडाची गरजच नव्हती. आणि चंद्र-शनी हे दांडगे गडी, ते आपल्या फोकसलाही दाद देत नाहीत. नाजूक आहेत त्या दीर्घिका. त्यांना सवय नाही मोठ्या लोकांची.

तर साहेब, दुर्बिणीला झगा शिवायचा ठरला आणि मी कापडबाजारात गेलो. काळं हवं, पण चमकणारं नको. दाट हवं, पण जड नको. दुकानदाराने विचारलं, ‘ड्रेसला की पडद्याला?’ आपल्यामुळे, असं सांगणार होतो. त्याने आधी ब्लॅकआउट पडद्याचं कापड काढलं. त्यातून प्रकाश येत नाही हे खरं, पण वजन एवढं की दुर्बिणीचं तोंड खाली झुकावं. डॉब्सनच्या पद्धतीची दुर्बीण नुसत्या तोलावर आणि घर्षणावर उभी असते. मग छत्रीचं कापड पाहिलं. हलकं, पावसादवाला दाद न देणारं, पण त्याला चकाकी असते, आणि मागे मोबाइलची टॉर्च धरली की दुकानदाराची बोटं मोजता येतात. शेवटी काळं लायक्रा घेतलं. जिममध्ये घालतात ते. आपण कदाचित घालत असाल.

माप काढताना आपली फार आठवण झाली. वरचा पिंजरा गोल, घेर पावणेअडतीस इंच. खाली नळ्या चौकोनी पेटीला मिळतात तिथे घेर ४६ इंच. कापड ताणून बसायला हवं म्हणून दहावा हिस्सा कमी करायचा: वर ३४, खाली ४१. ताण आडवा घ्यायचा, उभा घेतला तर सगळं कापड खाली ओघळतं. कागदावर काढलेला हा बेत आईने चष्मा लावून पाहिला आणि म्हणाली, ‘अरे, हा तर परकर आहे. वर नेफा, खाली घेर. एवढी गणितं कशाला केलीस?’

तिचं जुनं पायमशीन फक्त सरळ टीप मारतं. ताणणाऱ्या कापडाला खरं तर झिगझॅग टीप लागते. सरळ टीप मारली की कापड ताणलं जातं, दोरा ताणला जात नाही, आणि तो तटातट तुटतो. आईने गोल टोकाची सुई लावली, पॉलिएस्टरचा दोरा ओवला आणि मला समोर बसवलं. ‘कापड थोडं ताणून धर. ओढू नकोस, धर.’ अशी एक अख्खी दुपार मी आईसमोर बसलो. पोटच्या मुलाला आईजवळ बसवण्याचं पुण्यही आपल्याच खाती जमा आहे.

आता अस्तराची गोष्ट. लायक्रा ताणलं की विरळ दिसतं, आणि आपल्या फोकसची ताकद विरळ कापडाने अडणारी नव्हे. म्हणून आपल्या बाजूला दुहेरी कापड लावावं, असं मी सुचवलं. मग लक्षात आलं की दुर्बीण ताऱ्यांमागे फिरते आणि आपण फिरत नाही. आपली बाजू कधी डावीकडे येईल, कधी मागे, सांगता येत नाही. त्यामुळे अस्तर चहूकडून लागलं. मीटरभराचा खर्च वाढला, तो सांगायचं कारण नाही. आपल्यासारख्या माणसाला किरकोळ गोष्टी सांगू नयेत.

दुहेरी कापड मधोमध आत झुकतं आणि आरशाकडे जाणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत येतं. त्यावर उपाय म्हणजे मधे एक रिंगण. गावातल्या एका शेतकऱ्याकडून ठिबक सिंचनाची उरलेली १६ मिलिमीटरची काळी नळी मिळाली. ती गोल करून टोकं जोडली आणि नळ्यांना आतून बांधली. डाळिंबाला पाणी पाजायची वस्तू आता एम ५१ या दीर्घिकेच्या सेवेत आहे. वरच्या टोकाला वाढलेलं वजन पेलायला आरशाच्या मागे वाण्याचं जुनं अर्धा किलोचं वजन बसवलं. वाऱ्याच्या रात्री हा परकर शीड होतो आणि दुर्बीण आपोआप वळते, तो भाग वेगळा.

खोटं कशाला बोलू, परकराचे फायदेही झाले. जानेवारीत दव आरशाऐवजी कापडावर बसतं. पाहणाऱ्याच्या अंगाची ऊब आरशासमोर तरळत नाही. अंधारात कुणाच्या हातून स्क्रू निसटला तर तो थेट आरशावर पडत नाही. हे सगळं आपल्या प्रेरणेशिवाय आम्ही केलं नसतं. आम्ही आळशी आहोत.

एकच गोष्ट कापडाला जमत नाही. झगा दुर्बिणीला घालता येतो, आभाळाला नाही. आपल्या फोकसच्या पांढऱ्या उजेडात निळा भाग भरपूर असतो, आणि हवेत निळा प्रकाशच जास्त विखुरतो. त्यामुळे टेकडीवरचं आभाळच दुधाळ होतं आणि ते दुर्बिणीच्या तोंडातून रीतसर आत येतं. शिवाय आमचे डोळे. अंधाराला सरावायला त्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात. वही शोधायला मान वळवली आणि आपलं दर्शन झालं की पुन्हा पहिल्यापासून. डोळ्यांना झापडं लावली तर आभाळ कसं पाहायचं, एवढं आपण सुचवावं.

आपले रखवालदार मामा फार सज्जन आहेत. फोकस तासभर बंद कराल का, म्हणून विचारलं तर म्हणाले, ‘बटण आतल्या खोलीत, किल्ली साहेबांकडं. अंधार पडला की तो आपला आपण लागतो.’ ते स्वतः फोकसकडे पाठ करून, डोक्यावरून टॉवेल घेऊन बसतात. चोरांसाठी लावलाय, असं त्यांनी सांगितलं. ते पटलं. त्या झगझगाटात डोळे दिपले की कुंपणालगतच्या सावलीत कोण बसलंय ते मामांना काही केल्या दिसत नाही, आणि चोराला मात्र कुलूप कुठे आहे ते नीट दिसतं.

पावसाच्या तोंडावर ओढ्याकाठच्या झाडांवर काजवे लागतात. नर लुकलुकून मादीला बोलावतो. आपल्या उजेडात तो लुकलुकतो की नाही हे तिला कळत नाही. लग्न जमवण्याच्या भानगडीत मात्र आपण पडू नये, अशी नम्र सूचना.

मित्र म्हणतात, कुरकुर कशाला, पेंचला जा. तिथल्या व्याघ्र प्रकल्पाला २०२४ साली देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. आपल्याच महाराष्ट्रात आहे, फक्त दुसऱ्या टोकाला. तिथे अंधार राखायला वाघ आहेत. इथे आम्ही आहोत, आणि आमच्याकडे परकर आहे.

कळावे, लोभ असावा. उजेड थोडा कमी असला तरी चालेल.

आपला कृपाभिलाषी,
टेकडीवरचा एक हौशी

ता. क. : असे फोकस सहसा एका वाकवलेल्या पट्टीवर बसवतात आणि तिच्या दोन बाजूंना दोन बोल्ट असतात. ते सैल करून फोकसचं तोंड खाली, आपल्याच फाटकाकडे केलं की सगळा उजेड आपल्याच अंगणात पडतो. दिवा बदलावा लागत नाही, वायर तोडावी लागत नाही, मामांनाही टॉवेल लागत नाही. पाना आमच्याकडे आहे. शिडी मात्र आपली लागेल, कारण आमच्या गाडीत दुर्बिणीमुळे जागा नाही.