झिला, जेवलंस रे?

कुणकेश्वराच्या देवळाची एक आख्यायिका आमच्याकडे सांगतात. कुणी परदेशी व्यापारी (कुणी अरब म्हणतं, कुणी इराणी) तुफानात सापडला, किनाऱ्यावर दिवा दिसला, त्याने नवस बोलला आणि गलबत तरल्यावर देऊळ बांधलं. म्हणजे जहाजावरून किनाऱ्याला लागलेला पहिला कॉल आमच्याच गावात लागला, तोही बिननंबराचा. उलट दिशेने, किनाऱ्यावरून जहाजावर, फोन लावायचं मनावर घेतलं ते आमच्या काकीने.

तिचा मुलगा मालवाहू जहाजावर मोटरमन. त्या काळी इनमारसॅटच्या उपग्रह फोनला समुद्रवार कोड असे. पूर्व अटलांटिकला 871, पॅसिफिकला 872, हिंदी महासागराला 873, पश्चिम अटलांटिकला 874. पोरगा कुठल्या महासागरात आहे हे कळल्याशिवाय नंबर फिरवून उपयोग नाही. देवगडच्या आयएसडी बूथवाल्याने विचारलं, "काकी, झील खंयच्या समुद्रात आसा?"

"खाऱ्या," काकी म्हणाली.

शेवटी 873 वर लागला. फोन वाजला तो ब्रिजवर, उचलला कुणा फिलिपिनो अधिकाऱ्याने. काकीने त्यालाही विचारून घेतलं, "जेवलंस रे?" मग मुलगा आला आणि खरी पंचाईत सुरू झाली. उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर वर. आवाज तिथवर चढून उतरणार, तसंच उत्तर येणार, त्यात अर्धा सेकंद जातो. काकीच्या दोन प्रश्नांमध्ये एवढी मोकळी जागा जन्मात कधी सापडली नव्हती. "कलमांक मोहर इलो" आणि "हॅलो, आई" ही दोन वाक्यं अवकाशात एकमेकांवर आदळत राहिली. मीटरचे लाल आकडे तेवढे कुणावर न आदळता बिनबोभाट पुढे सरकत होते.

2008 च्या अखेरीस चारही कोड जाऊन एकटा 870 उरला. काकीने तो नंबर कालनिर्णयवर लिहून ठेवला. पण असा नंबर जहाजाचा असतो, माणसाचा नव्हे. मुलगा काँट्रॅक्ट संपवून घरी ओटीवर पेज जेवत बसला होता, तेव्हाही काकीने सवयीने तोच नंबर लावला, आणि कुणा अनोळखी खलाशाला आमच्या घरचा मोहर कळला!

आता जहाजावर वायफाय असतं. काही कंपन्या तर जमिनीवरचा नंबर जहाजाच्या इंटरनेटला जोडून देतात. फोन करणाऱ्याला दर जमिनीचाच, घंटी मात्र भर समुद्रात वाजते. काकी व्हिडिओ कॉल करते तेव्हा तिकडे पहाटेचे तीन वाजलेले असतात, एवढाच काय तो त्रास.

तुमच्या घरचं कुणी जहाजावर निघालं असेल, तर जहाजाचं नाव, 870 चा नंबर आणि कंपनीच्या ऑफिसचा नंबर आधी वहीत उतरवून घ्या. उपग्रह फोन लावण्यापूर्वी दर विचारा. जेवणाची चौकशी व्हॉट्सअ‍ॅपवर करा.