कॅमेऱ्याची बॅग कशी निवडावी

कॅमेरा घ्यायला पैसे लागतात. त्याच्यासोबत वागवायचा लॅपटॉप बहुधा ऑफिसचा असतो. बॅग घ्यायला मात्र चारित्र्य लागते, आणि हौशी फोटोग्राफर नेमका तिथेच कच्चा निघतो. लाखाची लेन्स तो जेवता जेवता मागवतो आणि तिच्यासाठी बॅग शोधण्यात अख्खा पावसाळा घालवतो. अशा होतकरूंसाठी पुढील मार्गदर्शन.

सर्वप्रथम सगळे सामान पलंगावर मांडावे. घरात कोणी नसताना मांडलेले बरे. एकत्र दिसले की घरची माणसे मनातल्या मनात बेरीज करू लागतात. कॅमेऱ्याची बॉडी, २४-७० आणि ७०-२०० या लेन्सा, फ्लॅश, चार्जर, जास्तीच्या बॅटऱ्या, लॅपटॉप, त्याचा जडशीळ अडॅप्टर. आता वर्षभरात ज्याला हात लावला नाही ते बाजूला काढावे. फ्लॅश बाजूला जातो. मग स्वतःला गंभीरपणे विचारावे, "पण लागलाच तर?" आणि फ्लॅश परत रांगेत ठेवावा.

यानंतर वजन. एफ २.८ची ७०-२०० लेन्स दीड किलोच्या आसपास, २४-७० पाऊण किलोच्या वर, बॉडी सातशे ग्रॅम, पंधरा इंची लॅपटॉप अडॅप्टरसकट सव्वादोन किलो. आणि ज्याचा हिशेब कोणी धरत नाही ती रिकामी बॅग : जाड गाद्या, दणकट चेन आणि कमरेचा पट्टा असलेली चांगली सॅक स्वतःच पावणेदोन किलो भरते. बेरीज सात किलोला टेकली. देशातल्या विमानांत इकॉनॉमीच्या प्रवाशाला केबिनमध्ये साधारण ७ किलोचीच मुभा असते, आणि फ्लॅश अजून पलंगावरच आहे. तो चेक-इनच्या सामानात टाकता येईल, पण जास्तीच्या लिथियम बॅटऱ्या तिथे चालत नाहीत. त्या जवळच ठेवाव्या लागतात. म्हणून अनुभवी माणूस काउंटरसमोर गळ्यात कॅमेरा, एका खिशात लेन्स आणि दुसऱ्यात बॅटऱ्या अशा थाटात उभा राहतो. पुढे सुरक्षा तपासणीत लॅपटॉप बाहेर, कॅमेरा बाहेर, चार्जर बाहेर. घरी तासभर खपून वेल्क्रोच्या भिंतींनी रचलेला संसार तीन ट्रेमध्ये पसरतो. मागचा प्रवासी उसासा टाकतो. त्याच्याकडे पाहू नये.

लॅपटॉपचा कप्पा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. १५.६ इंच हे माप पडद्याच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे असते. त्यावरून लॅपटॉप बॅगेत बसेल की नाही हे अजिबात कळत नाही. टेप घेऊन लांबी, रुंदी आणि जाडी मोजावी. मग दुकानात कप्प्यात हात घालून तळ चाचपावा. कप्प्याचा तळ बॅगेच्या तळापासून दोन बोटे वर असला तर बॅग शिवणाऱ्याला अक्कल आहे असे समजावे. तसा नसेल तर फलाटावर बॅग टेकवताना होणारा 'टक्' हा आवाज लॅपटॉपच्या कडेचा असतो.

आता शैली. सत्तरच्या दशकात फिलाडेल्फियातल्या एका दैनिकाचा फोटोग्राफर जिम डोमके कडक पेट्यांना कंटाळला आणि त्याने कॅनव्हासची मऊ पिशवी बनवून घेतली; तीच पुढे जगभर गेली. इंग्लंडात बिलिंगहॅम कंपनी त्याच सुमारास गळ टाकून मासे धरणाऱ्यांसाठी पिशव्या शिवत होती, त्या फोटोग्राफरांनीच पळवल्या. थोडक्यात, आपल्या कवी-पत्रकारांच्या शबनमचीच ही गोरी भावंडे. एका खांद्यावरची पिशवी दिसते रुबाबदार, त्यातून कॅमेरा झटकन निघतो, आणि लॅपटॉप घातला की तासाभरात माणूस त्या बाजूला कलतो. लॅपटॉप नेणार असाल तर सॅकच घ्यावी. रुबाबाची हौस लग्नसमारंभात भागवावी.

सॅक पाठीकडून उघडणारी असावी. चेन आपल्या पाठीला चिकटलेली राहते, म्हणजे मागच्या माणसाला ती हळूच ओढता येत नाही. शिवाय चिखलात बॅग ठेवली तरी पाठीला लागणारी बाजू कोरडी राहते. लोकलमध्ये हा सगळा विचार फोल ठरतो, तिथे कुर्ल्याच्या आसपास कोणीतरी "अहो, बॅग पुढे घ्या!" असे खेकसतो आणि तुमची ७०-२०० समोरच्याच्या बरगडीत जाते. रॅकवर ठेवा म्हणणाऱ्यांचे ऐकावे, पण नजर वरच ठेवावी. बॅगेवर कॅमेऱ्याच्या कंपनीचे ठळक नाव असेल तर ते उसवून काढावे. आत काय आहे याची जाहिरात आपण का करायची? डबा आणि स्वेटर असावा असे वाटणारी, काळी, किंचित विटकी बॅग सर्वोत्तम.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. 'पाण्याला दाद न देणारे कापड' म्हणजे स्टेशनपासून रिक्षास्टँडपर्यंतचा पाऊस. कोकणातला जुलै त्यात धरलेला नाही. रेनकव्हर हवेच. आणि घरी आल्यावर लेन्सा बॅगेत ठेवू नयेत. गाद्या ओल धरतात, बंद अंधारात बुरशीचे छान फावते, आणि भिंगावर जाळी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून त्यात लेन्सा ठेवाव्यात.

आकाराच्या बाबतीत माझे मत ठाम आहे : वीस लिटर. एक बॉडी, दोन लेन्सा आणि लॅपटॉप त्यात बसतो. तीस लिटरची बॅग घेणाऱ्याला महिन्याभरात तिसरी लेन्स घ्यावी लागते, कारण रिकामा कप्पा बघवत नाही.

शेवटची सूचना. दुकानात टांगलेल्या बॅगा कागदाचे बोळे भरून टरटरीत केलेल्या असतात आणि त्या सगळ्याच खांद्याला हलक्या वाटतात. म्हणून आपले सगळे सामान सोबत न्यावे, नव्या बॅगेत भरावे आणि ती पाठीला लावून दुकानात दहा मिनिटे फिरावे. दुकानदार काय म्हणेल याची फिकीर करू नये. सामान तिथवर न्यायचे कशातून, असा प्रश्न पडेल. जुन्या बॅगेतून न्यावे. त्यात ते नीट मावले, तर मुंबईत फोर्टातल्या बोराबझारच्या कॅमेरा-दुकानांत जायचे कारण उरत नाही; तरी तिथे गेलाच असाल तर फिल्टरचे भाव विचारून यावेत.