कार्बोरेटरवर आळ घेण्यापूर्वी

मोटारसायकल नीट चालत नसेल, तर महाराष्ट्रात एकच सर्वमान्य निदान आहे: ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय.’ त्यासाठी गाडी बघावी लागत नाही. जन्मभर एसटीने फिरलेला गृहस्थही पानटपरीवरून ते छातीठोकपणे करतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि नव्या गाड्या जवळपास सगळ्या फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. पण जुन्या स्प्लेंडर अजून रस्त्यावर आहेत आणि त्यांचे मालकही हट्टी आहेत. सदर मार्गदर्शन त्यांच्यासाठी.

प्रथम तक्रार नीट मांडायला शिका. ‘गाडी मिसिंग मारते’ एवढ्याने भागत नाही. स्लोवर बंद पडते, अर्ध्या रेसवर झटके देते, की पूर्ण रेस दिल्यावर दम सोडते? कार्बोरेटरच्या पोटात सरकारी कचेरीसारखी कामाची वाटणी असते. स्लोपासून साधारण पाव रेसपर्यंतचे टेबल पायलट जेटचे, पुढे पाऊण रेसपर्यंत सुईचे आणि त्यावर मेन जेटचे. एका टेबलाचा अर्ज दुसऱ्या टेबलावर चालत नाही. स्लोवर बंद पडणाऱ्या गाडीचा मेन जेट काढून धुणारे पुष्कळ आहेत. जेट तेवढा चकचकीत होतो.

आता पेट्रोल. ‘टाकीत आहे का?’ हा प्रश्न अपमानास्पद असल्याने कोणी विचारत नाही. किका मारून घामाघूम झाल्यावरच झाकण उघडले जाते, टाकीला कान लावून गाडी हलवली जाते आणि मग ती आडवी करण्याचा विधी होतो. या विधीला शास्त्राधार आहे. टाकी चासीवर दोन्ही बाजूंना उतरलेली असते, त्यामुळे कॉक नसलेल्या बाजूला तळाचे थोडे पेट्रोल अडकून पडते. मात्र गाडी कॉकच्या बाजूला कलंडवावी. भलत्याच बाजूला कलंडवली, तर हाताशी असलेलेही तिकडे जाते.

पावसाळ्यात एक खास रोग होतो. गाडी झकास सुरू होते, काही किलोमीटर पळते, मग आचके देत बंद. पाच मिनिटे थांबले की पुन्हा चालू. इथे लोक थेट कॉइल बदलतात. आधी झाकण बघा. झाकणाला हवा आत यायला बारीक वाट ठेवलेली असते. टाकीत पाणी जाऊ नये म्हणून दूरदृष्टीच्या मालकाने झाकणाखाली दुधाची पिशवी घट्ट बसवलेली असते. पेट्रोल खाली उतरते, वर पोकळी तयार होते आणि थोड्या वेळाने पेट्रोल उतरायचेच थांबते. झाकण उघडताच ‘सुस्स’ आवाज आला आणि गाडी सुरळीत झाली, तर दोष पिशवीचा.

सकाळी ओढलेला चोक संध्याकाळपर्यंत तसाच राहिला असेल, तर तो मुकाट्याने खाली करावा आणि ‘आता बघ’ म्हणावे. त्याची वाच्यता करू नये.

यानंतर प्लग. तो काढून पॅंटीला पुसण्याची घाई करू नका, पुरावा नष्ट होतो. टोक बिस्किटी रंगाचे असेल तर मिश्रण ठीक. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. फिल्टर उघडून झटका, कदाचित गल्लीभर धूळ निघेल. पांढरे फटक टोक म्हणजे पेट्रोल कमी पडतेय किंवा कुठून तरी चोरटी हवा शिरतेय. काळे आणि तेलकट असेल, तर इंजिन ऑइल जळतेय. मग कार्बोरेटर गंगेत धुतला तरी उपयोग नाही. रिंगा आणि व्हॉल्व्ह सील बघावे लागतील.

चोरट्या हवेचा पत्ता बहुधा कार्बोरेटर आणि इंजिन यांमधला जोड. तिथल्या रबराला वा सीलला चीर गेली की रेस सोडल्यावरही इंजिन वरच्या पट्टीत गात राहते. गाडी स्लोवर ठेवून त्या जोडावर पिचकारीने थोडे पाणी मारा. आवाज बदलला, तर हवा तिथूनच शिरतेय.

एवढे करूनही गाडी ऐकत नसेल, तर आता खुशाल कार्बोरेटरकडे वळा. पण खोलण्याआधी वाटीच्या तळचा ड्रेन स्क्रू सैल करून आतले पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. (तत्पूर्वी बघ्यांपैकी ज्याच्या हातात विडी असेल, त्याला चहा आणायला पाठवा.) तळाशी वेगळा थर दिसला, तर ते पाणी. हल्लीच्या ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी धरून ठेवते. पाणी फार झाले की दोघे मिळून तळाला बसतात. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीचे दुखणे पुष्कळदा या बाटलीतच संपते.

खोललाच, तर पायलट जेटमध्ये टाचणी घालण्याचा मोह आवरा. त्याचे भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक आणि पितळ मऊ असते. टाचणीने ते रुंदावले की गाडी पुढे कायम जास्त पेट्रोल पिते. क्लीनर मारा, कॉम्प्रेसरची हवा द्या. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत किती आटे फिरतो, ते मोजून लिहून ठेवा. बहुतेक गाड्यांत तो दीड-दोन आट्यांच्या आसपास असतो. ट्यूनिंग मात्र इंजिन गरम झाल्यावरच करायचे.

गाडी सुरू झाली की जमलेल्या प्रत्येकाला वाटेल, आपल्याच सल्ल्याने झाली. वाटू द्या. पुढच्या वेळी धक्का मारायला हीच मंडळी लागणार आहेत.